आफ्रिकेतल्या साताऱ्याची चूल



हुरड्याचे दिवस आले. शेताच्या कडेला आगटी पेटली, आरावर कणसे पडली, हातावर चोळून गरम दाणे तोंडात गेले की गावाकडचा माणूस जगातले सगळे विसरतो. या दिवसांत मला मात्र गेल्या मे महिन्यातली एक चूल आठवते. ती पेटली होती साताऱ्यात. पण हा सातारा अजिंक्यताऱ्याखालचा नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या रानातला.

आमची लेक आणि जावईबापू जोहान्सबर्गला नोकरीनिमित्त असतात. दोन वर्षांपासून ‘बाबा, एकदा या’ असे चालले होते. खरीप उभा राहण्याआधी पंधरा दिवसांची रजा काढली आणि सौ.ला घेऊन गेलो. जावईबापूंनी तिथल्या प्रसिद्ध क्रूगर अभयारण्यात चार दिवस राहायचे ठरवून ठेवले होते. सिंह, हत्ती, गेंडे यांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ वाचता. मी आज सांगणार आहे ती तिथल्या खाण्यापिण्याची आणि चुलीची गोष्ट. तिच्यात शेवटी आपल्या गोठ्याचाही प्रश्न येतो, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी त्या रानाविषयी थोडे. क्रूगर राष्ट्रीय उद्यान १९२६ साली जाहीर झाले. पुढच्या वर्षी, १९२७ मध्ये, पाहुण्यांसाठी फाटक उघडले तेव्हा वर्षभरात तीन मोटारी आल्या म्हणतात. आज तिथे गाड्यांची रांग लागते. क्षेत्रफळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आपला सातारा जिल्हा साडेदहा हजारांच्या जवळपास आहे, म्हणजे जवळजवळ दोन सातारे बसतील एवढे रान. त्यात ठिकठिकाणी कुंपणाने बंदिस्त केलेले मुक्कामाचे तळ आहेत. स्कुकुझा, लोअर साबी, लेटाबा, ऑलिफंट्स अशी त्यांची नावे. मधोमध गवताळ माळावर आहे तो सातारा.

हे नाव ऐकून मी चकितच झालो. तिथे अशी हकीकत सांगतात की, पूर्वी या भागाची शेतीसाठी मोजणी झाली तेव्हा मोजणीदाराचा मदतनीस हिंदी माणूस होता. सतरा नंबरच्या तुकड्याला तो आपल्या भाषेत ‘सत्रा’ म्हणाला, त्याचेच पुढे ‘सातारा’ झाले. १८६० पासून नाताळात उसाच्या मळ्यांवर आपल्याकडची माणसे कराराने नेली होती. त्या देशात हिंदी माणसाची पाऊलखूण ठायी ठायी आहे, पण ती अशी रानाच्या मधोमध, सिंहांच्या वस्तीत सापडेल असे वाटले नव्हते.

आम्ही ऑर्पेन नावाच्या फाटकातून आत शिरलो. तिथून सातारा ४८ किलोमीटर. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्या रस्त्यावर ४० च्या वर गाडी हाकायची नाही आणि ठरवून दिलेल्या जागेखेरीज कुठेही गाडीतून उतरायचे नाही. मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला तळाचे फाटक बंद होते. उशीर झाला तर दंड. आपल्याकडे गुरे दिवेलागणीला गोठ्यात येतात, तिथे माणसे येतात. जनावरे मोकळी आणि माणूस कुंपणात, असा तो उलटा कारभार आहे.

तळावर गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या आहेत. प्रत्येकीपुढे ओटी, ओटीवर भांडी धुण्याची मोरी, शीतकपाट, आणि समोर अंगणात लोखंडी जाळीची शेगडी. हीच तिथली चूल. तिच्यावर भाजण्याला ‘ब्राय’ म्हणतात. ब्राय म्हणजे नुसता स्वयंपाक नव्हे. आपल्या हुरड्यासारखाच तो एक प्रसंग असतो. काळे, गोरे, हिंदी, सगळ्यांचा. २४ सप्टेंबरला त्या देशात वारसा दिन असतो, त्यालाही लोक लाडाने ‘ब्राय दिन’ म्हणतात. सूर्य कलला की साताऱ्याच्या प्रत्येक अंगणात धूर निघतो. कुंपणापलीकडे कुठेतरी सिंह हुंकारतो, आणि अलीकडे शंभर शेगड्या फुललेल्या.

आता खायचे काय? तळावर दुकान आहे, खाणावळही आहे. पण चार दिवस खाणावळीत जेवायचे म्हणजे खिशाला भोक. बहुतेक कुटुंबे सामान घेऊन येतात. आम्ही जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागातून, जिथे हिंदी लोकांची दुकाने आहेत, मसाला, डाळ, तांदूळ घेतले. दोन किलो मेंढीचे मटण, कोंबडी आणि भाजी बर्फाच्या पेटीत भरली. आमच्या सौ. माळकरी. मांसमच्छीला शिवत नाहीत. त्यांनी आपल्यापुरती वांगी, रताळी, कांदे आणि मक्याचे पीठ असा वेगळा शिधा बांधला. गंमत म्हणजे वांग्याला तिकडे इंग्रजी बोलतानाही ‘ब्रिंजल’च म्हणतात आणि लोणच्याला ‘अचार’. भाजीवाल्याशी बोलताना सौ.ची भाषेवाचून काही अडचण झाली नाही.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. पाव आणि केळी ओटीवरच्या टेबलावर ठेवून सौ. मोरीकडे वळल्या. काळ्या तोंडाचे राखी माकड छपरावरून उतरले, पाव बगलेत मारला आणि क्षणात वर. नातू हसून लोळायला लागला आणि आणखी एक केळे त्याच्याकडे भिरकावायला निघाला. तेवढ्यात शेजारच्या झोपडीतला पन्नाशीचा गोरा गृहस्थ मोठ्याने ओरडला. आधी मला राग आला. मग त्याने जवळ येऊन शांतपणे समजावले. माणसाच्या हातचे खायला चटावलेले माकड किंवा बबून पुढे धीट होते, झोपडीत शिरते, पोराला चावते. मग त्याला गोळी घालण्यावाचून उद्यानवाल्यांना इलाज राहत नाही. ‘तुम्ही केळे दिले नाही, त्याचे मरण दिले,’ एवढेच तो म्हणाला. तिथे शीतकपाटाला कडी का असते आणि कचऱ्याच्या पिंपाला घट्ट झाकण का असते, हे तेव्हा समजले. रात्री हनी बॅजर नावाचे धिटुकले जनावर पिंपे उलथायला येते आणि कुंपणाच्या कडेने तरस हाडांच्या आशेने फेऱ्या मारतो. हाड कुंपणाबाहेर फेकणे हा गुन्हा आहे.

हा शेजारी निघाला शेतकरी. लिंपोपो प्रांतात त्याची गुरे आहेत. नवराबायको दर वर्षी आठ दिवस इथे येऊन राहतात. मी शेतीखात्यातला म्हटल्यावर त्याने आपली खुर्ची उचलून आमच्या शेगडीजवळच आणली. शेतकऱ्याला शेतकरी भेटला की भाषेचे अडत नाही.

त्याच्याकडून मी विस्तव करायला शिकलो, असे म्हणायला मला संकोच नाही. मी समजत होतो, आपल्याला चुलीचे कोण काय शिकवणार? पण जावईबापूंनी जाळ भडकताच कोंबडी वर टाकली. वरून कोळसा, आतून कच्ची लाल. शेजारी हसला. म्हणाला, जाळावर भाजायचे नसते, निखाऱ्यावर भाजायचे असते. दुकानात बाभळीच्या जातीच्या जड लाकडाच्या मोळ्या मिळतात, त्याच घ्यायच्या. रानातली काटकी उचलायला मनाई आहे, कारण पडलेले लाकूड ही वाळवीची आणि किड्यामुंग्यांची शिदोरी आणि त्यांच्यावर पुढची साखळी. लाकूड पेटवून तासभर तरी थांबायचे. जाळ बसला, निखाऱ्यावर पांढरी राख धरली की मग जाळी ठेवायची. जाळीच्या उंचीवर तळहात धरून पाहायचा. दोन-तीन आकडे मोजेपर्यंतच हात टिकला तर धग कडक, पाच-सहा मोजता आले तर मध्यम. कोंबडी आणि हाडाचे मटण मध्यम धगीवर, सावकाश. मांसाला काटा टोचायचा नाही, चिमट्याने उलटायचे, म्हणजे रस आत राहतो.

त्याच्या जाळीवर नागाने वेटोळे घालावे तशी एक लांबच लांब सांडगी दिसली. तिला ‘बुरवॉर्स’ म्हणतात. ‘बुर’ म्हणजे शेतकरी, म्हणजे ही शेतकऱ्याची सांडगी. खिमा आतड्यात भरून करतात आणि त्यात मुख्य मसाला कोणता, तर भाजून कुटलेले धने! त्यात शेकडा ९० तरी मांस असलेच पाहिजे असा तिथे कायदा आहे. बहुधा ते गोमांस असते, म्हणून आम्ही हात जोडून नको म्हटले. त्याने वाईट मानून घेतले नाही. आम्ही त्याला आमच्या मसाल्याची कोंबडी दिली. त्याच्या बायकोने सौ.ला ‘चाकालाका’ नावाचे झणझणीत कालवण दिले. ते निव्वळ भाज्यांचे. त्याची कृती शेवटी देतो.

सौ.ने काय केले? निखारे मंद झाल्यावर फुफाट्यात रताळी पुरली. वांग्याला तेलाचा हात लावून जाळीवर ठेवले, साल काढून कांदा-मिरची-कोथिंबीर घालून भरीत केले आणि मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या तव्यावर थापल्या. तिकडे या पिठाचा घट्ट घाटा करतात, त्याला ‘पाप’ म्हणतात. शब्द ऐकून सौ. पहिल्यांदा दचकल्या, पण तेच त्या देशातल्या गरिबाचे रोजचे अन्न आहे. आपल्या कण्या-ताकासारखे. शेजारीण भरीत खाऊन इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी स्वतः वांगी घेऊन हजर.

आता गमतीतून थोडे गंभीर बोलू. तिथे विस्तवाचे नियम फार कडक आहेत. शेगडी सोडून जमिनीवर कुठेही चूल मांडायची नाही, निजण्याआधी निखारे पाण्याने पुरते विझवायचे. झोपड्या गवताच्या, म्हणून तर हे आहेच. पण रानाला याहून कडू अनुभव आहे. २००१ च्या सप्टेंबरात त्याच उद्यानात, प्रिटोरियसकॉप तळाजवळ, वणव्यात वीसहून अधिक माणसे गेली. त्यांत मोठी संख्या गवत कापणाऱ्या मजुरांची होती. पाहुण्यांच्या झोपड्या ज्या गवताने शाकारतात ते गवत कापणारी माणसे आपल्याच कोरडवाहू गावांतल्या मजुरांसारखी. वाऱ्याने दिशा बदलली की माणसाच्या पायात किती बळ असणार? आपल्याकडे बांध जाळताना, मोहाखालचा पाला पेटवताना, जंगलालगत सहलीची चूल सोडून येताना हे आठवा. राखीव जंगलात विस्तव करणे आपल्या कायद्यानेही गुन्हा आहे. मेळघाट असो की ताडोबा.

खाण्याची स्वच्छता ही दुसरी गोष्ट. २०१७-१८ मध्ये त्या देशात लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ आली. हजारावर माणसे आजारी पडली, २१६ दगावली, त्यांत तान्ही बाळे पुष्कळ. शोध लागला तेव्हा मूळ निघाले एका कारखान्यातल्या तयार शिजवलेल्या मांसात. कच्चे नव्हे, शिजवलेले! म्हणजे शिजल्यानंतरही अन्नाला राखावे लागते. तेव्हापासून आमची लेक दोन पाट्या आणि दोन सुऱ्या वापरते. एक कच्च्या मांसाला, एक बाकीच्याला. कच्चे ज्या ताटात होते त्यात भाजलेले काढायचे नाही. साधी गोष्ट आहे, पण आपल्या जत्रेत, बोकडाच्या जेवणावळीत, किती ठिकाणी पाळली जाते?

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

तिसऱ्या रात्री शेगडीभोवती बसलो असताना शेजाऱ्याने आपले दुःख सांगितले. क्रूगरमधल्या रानरेड्यांच्या अंगात लाळ्या-खुरकूत रोगाचे विषाणू असतात. रेडा आजारी दिसत नाही, खुशाल चरतो, पण वर्षानुवर्षे घशात विषाणू वागवतो. म्हणून उद्यानाला कुंपण, कुंपणालगतच्या पट्ट्यातील गुरांवर नजर, आणि तिथून दुभंगलेल्या खुरांची जनावरे किंवा त्यांचे कच्चे मांस बाहेर नेण्यावर बंधन. एवढे करूनही जानेवारी २०१९ मध्ये लिंपोपोत रोग निघाला आणि त्या देशाचा रोगमुक्त पट्ट्याचा दर्जा गेला. परदेशांनी मांस, कातडी, लोकर घेणे थांबवले. पुढे रोग दुसऱ्या प्रांतांत गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये तर साऱ्या देशात गुरे हलवण्यावर २१ दिवस बंदी घालावी लागली. ‘विकायला तयार झालेली वासरे दारात उभी, चारा विकत आणायचा, आणि फाटकाबाहेर एक शेपूट न्यायची नाही,’ तो म्हणाला. निखाऱ्याकडे पाहत बराच वेळ गप्प बसला.

रोग रानातूनच गोठ्यात येतो असेही नाही. उलटही होते. गाईगुरांचा क्षयरोग पाळीव गुरांकडून या रानातल्या रेड्यांना लागला. १९९० मध्ये तो प्रथम आढळला, आणि असे रेडे खाऊन सिंहांनाही झाला. कुंपण माणसाच्या डोळ्याला दिसते, जंतूला दिसत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी निघायची आवराआवर चालली होती. दहाच्या आत झोपडी रिकामी करायची होती. बर्फाची पेटी उघडली तर तळाशी सव्वा किलो मटण शिल्लक. जावईबापू म्हणाले, ‘बाबा, फाटकावर मांसाचं विचारतात. हे इथंच टाकून द्यावं लागेल.’

मंडळी, आता खरे सांगतो. माझ्या तोंडून पटकन निघून गेले, ‘अहो, हे तर जोहान्सबर्गचं मटण. रानातलं थोडंच आहे? याला कुठला आलाय रोग? कपड्यांखाली ठेवा, कोण बघतंय!’

सौ. भाकरीचे पीठ भरून ठेवत होत्या. हातातला डबा खाली ठेवून म्हणाल्या, ‘अहो, तीस वर्षं गावोगाव काय सांगत फिरलात? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण?’

मी गप्प झालो. कारण त्या क्षणी मला एक बैल आठवला.

नोकरीची पहिली वर्षे होती. पेरणीच्या तोंडावर बाजाराच्या दिवशी एक ओळखीचा शेतकरी भेटला. नवा बैल घेतला होता, कौतुकाने दाखवला. ‘साहेब, कसा आहे?’ मी काही पशुवैद्य नव्हे, पण साहेब म्हटल्यावर छाती फुगली. पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, ‘नंबर एक जनावर. धडधाकट आहे. बांधा गोठ्यात.’ त्याने बांधला. दहा-बारा दिवसांत वस्तीवरच्या गुरांच्या तोंडातून लाळ गळू लागली, खुरांत फोड आले. मृग बरसला, वापसा झाला, आणि वस्तीवरची निम्मी औते उभी. एका विधवा बाईंची व्यायलेली गाय आटली ती पुन्हा पूर्वीसारखी दुधावर आली नाही. मला कोणी दोष दिला नाही. त्या शेतकऱ्याने तर चहासुद्धा पाजला. पण तो बैल धडधाकट ‘दिसत’ होता, एवढ्यावर मी शब्द दिला होता, आणि साताऱ्याच्या ओटीवर मी पुन्हा तेच बोललो होतो. मटण चांगले ‘दिसते’. याला कुठला रोग?

फाटकावरच्या पहारेकऱ्याला कसे कळणार, कुठले मटण शहरातले आणि कुठले रानाजवळचे? नियम असतो तो माझ्या पुडक्यासाठी नसतो, हजार गाड्यांतल्या हजार पुडक्यांसाठी असतो. त्यातले एखादेच वाईट असते. ते कोणते, हे दिसत नाही म्हणून तर नियम.

मग आम्ही काय केले? पुन्हा शेगडी पेटवली. सकाळी साडेसातला! जाळ बसेपर्यंत थांबलो, सगळे मटण भाजले आणि तिथेच खाल्ले. शेजाऱ्यालाही बोलावले. सौ.ने त्यांच्या नियमाप्रमाणे दूर बसून रताळे खाल्ले आणि आमच्याकडे पाहून हसत राहिल्या. हाडे झाकणाच्या पिंपात टाकली, झाकणाची कडी नातवाने लावली. निखाऱ्यावर पाणी ओतले. फाटकावर पहारेकऱ्याने विचारले, कच्चे मांस आहे का? जावईबापूंनी पेटी उघडून दाखवली. आत बर्फाचे पाणी आणि दोन वांगी. त्याने सलाम केला. एवढासा सलाम, पण पंचवीस वर्षांपूर्वीचा बैल छातीवरून थोडा सरकल्यासारखा वाटला.

तेव्हा वाचकहो, या चुलीवरून उठताना चार गोष्टी गाठीला बांधा.

१. बाजारातून आणलेले जनावर, कितीही देखणे असो, निदान २१ दिवस वेगळे बांधा. वेगळे दावे, वेगळी गव्हाण, वेगळी बादली. त्याचे वैरणपाणी सगळ्यांत शेवटी करा आणि हातपाय धुऊन मगच इतर गुरांकडे जा.

२. लाळ्या-खुरकूतीची लस आपल्याकडे २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत दिली जाते. वर्षातून दोनदा टोचून घ्या. कानात बिल्ला मारतात म्हणून जनावर लपवू नका. शेजाऱ्याचे टोचले आणि तुमचे राहिले, तर कुंपणाला भोक तुमच्या बाजूने पडते.

३. तोंडातून लाळ, जिभेवर किंवा खुरांत फोड, ताप, लंगडणे असे दिसले की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. असे जनावर बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. सार्वजनिक हौदावर पाणी पाजू नका. माणसाला हा रोग सहसा बाधत नाही, पण माणसाच्या चपलेवरून आणि कपड्यावरून तो दुसऱ्या गोठ्यात जातो.

४. शेतात हुरडा करा, भरीत करा, जत्रेला बोकड शिजवा. पण विस्तव जागचा हलू देऊ नका, निघताना पाणी ओता, आणि उष्टे-खरकटे, हाडे उघड्यावर टाकू नका. जंगलालगतच्या गावांत त्यावर आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

आता कबूल केलेली कृती. चाकालाका: दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलात परता. त्यात आले-लसणाचे वाटण, तीन हिरव्या मिरच्या आणि चमचाभर आपला रोजचा मसाला घाला. एक ढोबळी मिरची, दोन किसलेली गाजरे आणि तीन टोमॅटो घालून झाकण ठेवा. टोमॅटो विरघळले की वाटीभर शिजवलेला राजमा किंवा चवळी घालून मीठ टाका आणि दाटसर होऊ द्या. गरम खा, नाहीतर गार. मक्याच्या किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर फार छान लागते. सौ. आता दर गुरुवारी करतात. नातवाचा निरोप आला की विचारतो, ‘आजी, साताऱ्याचं कालवण केलंस का?’ शेजाऱ्यांना वाटते, कराडकडचे काहीतरी असावे. आम्हीही खुलासा करीत नाही.

यंदा हुरड्याला बसलात की आगटीभोवती हा विषय काढा. गोठ्यात नवे जनावर कोणी बांधले आहे, कधी बांधले आहे आणि लस कोणाची राहिली आहे, एवढे तीन प्रश्न विचारा. दाणे गोड लागतील आणि गुरेही सुखरूप राहतील.

बराय तर. पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळीविषयी बोलू.

राम राम.